टॉकबॅकचं बटण

कुठल्याही नव्या खोलीत शिरलो की मी आधी टाळी वाजवतो. एकदा मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही वाजवली होती. ते लग्न जमलं नाही, पण त्याला इतरही कारणं होती. टाळीवरून खोली कळते. भिंती उघड्या आणि समोरासमोर असल्या तर टाळी त्यांच्यामध्ये चेंडूसारखी आपटत राहते आणि मागून पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. माझ्या स्टुडिओत टाळी वाजवली तर तेवढी टाळीच वाजते. मागून काही येत नाही. तसं व्हावं म्हणून उमेदीची सगळी वर्षं मी त्या खोलीत घातली, आणि आता तीच खोली खायला उठते.

आक्काला जाऊन वर्ष होत आलं होतं. एके सकाळी दूध तापवत उभा होतो. दूध उतू जायला लागलं की ती परसातून ओरडायची, ते आठवलं. "आरं, दूध!" शब्द आठवले, पण आवाज येईना. डोळे मिटून बघितलं, तिचं तोंड दिसलं, ओठ हललेले दिसले, आवाज नाही. बंद खोलीत कोणता माईक लावलाय ते मी नुसतं ऐकून सांगतो, आणि ज्या बाईनं मला लहानाचं मोठं केलं तिचा आवाज मला आठवत नव्हता. मी घाबरलो. दूध उतू गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: आक्काचा आवाज, कुठूनही, कसाही, एकदा ऐकायचा.

आक्का माझी थोरली बहीण. खंडाळ्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती कुंडलला माघारी आली ती कायमची. वडील फौजेतून आल्यावर त्यांनी बांधलेलं घर गावाच्या कडेला आहे, चहूबाजूंनी ऊस. वडील-आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मागच्या दोन खोल्यांचा मी स्टुडिओ केला. एकीत गाणारा, दुसरीत मी आणि माझी यंत्रं, मध्ये जाड काच. भजनी मंडळं येतात, ऑर्केस्ट्रात गाणारी पोरं येतात, जत्रेच्या आणि कुस्तीच्या मैदानाच्या जाहिराती करून घ्यायला रिक्षावाले येतात. त्यातला प्रत्येकजण मला सांगून जातो की भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवा. अंड्याच्या ट्रेनं फक्त कोंबडीवाल्याचं भलं होतं. बाहेरचा आवाज अडवायचा तर वजन लागतं, जाड भिंत, जड दार आणि कुठंही फट नको. आतला आवाज जिरवायचा तर मऊपणा लागतो. ही दोन कामं वेगळी आहेत, हे सांगून सांगून माझी दाढी पिकली. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी लावून जातात. ते ट्रे त्यांना काय अडवणार?

मी भिंती जाड केल्या, आणि आतून जतकडची घोंगडी टांगली. भिंतीला चिकटवून नाही, हातभर पुढं. घोंगडं आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी हवा राहिली की जाडसर आवाजही त्यात अडकतो. ही घोंगडी आक्कानं धुतली, उन्हात वाळवली आणि दाभणानं शिवून दिली. पहिला महिनाभर गाणाऱ्यांना मेंढराचा वास यायचा. ती त्यांना म्हणायची, "वास रेकार्ड हुत न्हाई, गावा तुमी."

दोन खोल्यांमध्ये दारंही दोन आहेत. एक उघडायचं, आत शिरायचं, ते लावायचं, मग दुसरं उघडायचं. मधल्या जागेत एक माणूस अंग चोरून उभा राहतो. तिथं ना गाणाऱ्याचा आवाज येतो ना यंत्रांचा. तिथं असतो तेवढा वेळ माणसाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. ही मधली जागा लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

आता टॉकबॅक. काचेपलीकडच्या गाणाऱ्याशी बोलायचं तर माझ्या टेबलावर एक लहान माईक आहे आणि त्याचं बटण. बटण दाबून बोललं की आवाज गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये जातो. सुरुवातीला ते बटण माझ्या हाताखाली होतं. पण माझी जीभ तिखट आहे. एका गायकाला मी त्यावरून म्हणालो, "तुमचा सूर एष्टी स्टँडवरच राहिला वाटतं, तुमी एकटंच आलाय." तो माणूस हेडफोन काढून तडक निघून गेला आणि तालुकाभर माझी कीर्ती झाली. आक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली, टॉकबॅकचा डबा उचलला, डावीकडं एक स्टूल ठेवलं आणि त्याच्यावर बसली. "आजपास्नं ह्यो माजा," ती म्हणाली. "तू तुज्या यंत्रांचं काटं बघ."

तेव्हापासून गाणाऱ्यांशी तीच बोलायची. "दादा, जरा पानी प्या." "ताई, लय झ्याक हुतं, पर शेवटाला श्वास कमी पडला, परत घिऊया?" मी काचेमागं दात-ओठ खात बसायचो आणि तिच्या तोंडून तेच म्हणणं साखरेत घोळून जायचं. लोक परत यायला लागले. माझ्यामुळं नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तिला यंत्रांतलं फार कळत नव्हतं, पण केबली तिला ओळखू यायच्या. सगळ्या काळ्या, कुठली कुठं जाते ते मीच विसरायचो. तिनं जुन्या पातळांचे काठ फाडून टोकांना बांधले. माईकला लाल, हेडफोनला हिरवा, स्पीकरला जांभळा. एकदा मी तिला समजावलं होतं की चांगल्या केबलीत एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. वाटेत मोटारीची घरघर दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पोचल्यावर उलटा होता तो सुलटा करून दोन्ही एकत्र करतात; मग आवाज भरीव होतो आणि घरघर एकमेकीला खाऊन टाकते. ती ऐकून हसली. "म्हंजी तुज्या-माज्यासारकं. आपुन दोघं उलटंसुलटं भांडत जायाचं, पर भाईरची कटकट घरात न्हाई येऊ द्यायची."

तर आवाज शोधायला लागलो. तिचा फोन साधा, बटणांचा. त्यात काही नव्हतं. नात्यातल्या लग्नांच्या सीडी आणल्या. त्यांत ती दिसते, पंगतीत वाढताना, कुणाला तरी काही सांगताना, पण व्हिडिओवाल्यानं वरून सनई आणि गाणी चढवलेली. मग स्टुडिओतली जुनी कामं उघडली. वर्षानुवर्षं ती रोज या खोलीत बोलली होती, कुठं तरी सापडायलाच हवी होती.

सापडली नाही. सापडणार नव्हतीच, आणि ते मला आधी कळायला हवं होतं, कारण रस्ते मीच आखलेले. गाणाऱ्याचा आवाज माईकमधून लाल काठाच्या केबलीनं येतो, मोठा होतो, संगणकात शिरतो आणि राहतो. टॉकबॅकचा रस्ता वेगळा. तो हिरव्या काठाच्या केबलीनं हेडफोनात जातो आणि तिथं संपतो. संगणकाच्या वाटेला तो जातच नाही. जाऊ नये अशीच त्याची सोय असते. हेडफोन कानाला घट्ट बसले की बाहेर काही सांडत नाही, आणि चुकून सांडलंच तर दोन ओळींमधली जागा मी नेहमी साफ करतो. एकामागून एक कामं ऐकली. गाणं संपतं आणि पुढं स्वच्छ, चोख शांतता. ती शांतता माझ्या कामाची शान होती. आता ती ऐकताना मला हातातलं काही तरी फेकून मारावंसं वाटायचं.

अशा वेळी मी माझ्या खुर्चीतून उठून तिच्या स्टुलावर बसायला लागलो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण असतो, तिन्ही बाजू सारख्या. म्हणजे नीट ऐकू येईल अशी जागा खोलीत एकच, आणि तिथं मी. स्टुलावरून डावा स्पीकर कानाशी येतो आणि उजवा कुठं तरी लांब पडतो. पेटी दणदणीत, टाळ जवळजवळ नाहीतच. इतकी वर्षं तिनं प्रत्येक गाणं असं अर्धंच ऐकलं आणि मला म्हणायची, "झ्याक झालंय." मला फार एकटं वाटलं. तिच्या जागेवर बसूनही ती नव्हती, आणि माझी जागाही समोर रिकामी दिसत होती.

तिथंच बसलो असताना जतकडचे बाबा आठवले.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानं एका हिवाळ्यात खतासाठी रानात मेंढरं बसवली होती. कळपाबरोबरचे म्हातारे बाबा संध्याकाळी बांधावर बसून ओव्या म्हणायचे. आक्का त्यांना ताक नेऊन द्यायची. दोन दिवसांत तिनं फर्मान काढलं, "त्येंचं रेकार्ड करायचं. त्येंच्या माघारी कोन म्हननार हाय?" त्यांचा मागं सूर धरणारा जोडीदार मेंढरांजवळ राहिलेला, म्हणून बाबा एकटेच आले. ओवीत ओळ संपली की कुणी तरी हुंकार द्यावा लागतो, नाहीतर म्हणणाऱ्याला पुढची ओळ सुचत नाही. आक्का म्हणाली, मी देते. टॉकबॅकवरून.

अडचण निराळीच झाली. ओवी म्हणताना बाबा डाव्या कानावर तळहात ठेवायचे. त्यांच्याकडचे सगळेच ठेवतात, स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणून. हात वर गेला की हेडफोन सरकून मानेवर, आणि त्यातला आवाज थेट माईकमध्ये. रेकॉर्डिंग चालूच ठेवून मी दोन्ही दारं ओलांडून आत जायचो, हेडफोन कानावर बसवायचो, म्हणायचो, "बाबा, हात खाली. ह्ये हलवायचं न्हाई." बाबा एखाद्या शहाण्या पोरासारखी मान हलवायचे. मी परत दोन दारं ओलांडून खुर्चीत येऊन बघतो तर हात कानावर आणि हेडफोन गळ्यात. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. माणूस एवढी मान डोलावतो आणि एवढ्यात विसरतो कसा, हे मला कळेना. शेवटी मी वैतागून सोडून दिलं. मधलाच एक तुकडा ऐकला. प्रत्येक ओळीच्या शेवटी आक्काचं बारीक "हंऽ" त्यात सांडलेलं. वाया गेलेलं काम मी ठेवत नाही. बाबांना हवं होतं म्हणून त्यांच्या मेमरी कार्डात जसंच्या तसं घालून दिलं आणि माझ्याकडचं पुसून टाकलं.

आता मला ते "हं" हवं होतं. तेवढंच असलं तरी चाललं असतं.

शेजाऱ्याकडं बाबांच्या मुलाचा नंबर होता. पावसाळ्यात मेंढरं आपापल्या गावी असतात, त्यामुळं बाबा घरीच होते. मोटारसायकल काढली. तासगाव मागं पडलं, द्राक्षाच्या बागा संपल्या, कवठेमहांकाळच्या पुढं ऊस दिसेनासा झाला आणि मग नुसता माळ. भर पावसाळ्यात पाण्याचा टँकर समोरून आला. एका ठिकाणी पाणी प्यायला थांबलो आणि सवयीनं टाळी वाजवली. उघड्या माळावर आवाजाला परतून यायला भिंतच नसते. टाळी वाजली आणि गेली. माझ्या खोलीत वाजते तशीच.

बाबांचं घर वस्तीवर, पुढं पत्र्याची पडवी. सीमेपलीकडून आलेली त्यांची कानडी सून मला बघून "बर्री, कुंद्री" म्हणाली आणि तिनं घोंगडं अंथरलं, म्हणजे बसा असंच असणार. बाबा थकले होते. दात गेलेले, गाणं केव्हाच सुटलेलं. पण मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"रागीट भाऊ न्हवं तुमी? कुंडलचं?"

"व्हय."

"आन् बाई? बाई बऱ्या हायती का?"

मी मान हलवली. ती हो होती का नाही, मलाही सांगता येणार नाही. तेवढ्यात बाबांनी सुनेला हाक मारून स्पीकर मागवला होता, आणि मग माझ्याच्यानं काही सांगवेना.

स्पीकर हातात मावेल एवढा, जाळीत धूळ, एक कोपरा फुटलेला. असल्या यंत्रात खालचे सूर येत नाहीत आणि वरचेही नाहीत. पण माणसाचं बोलणं मधल्या पट्टीत असतं, आणि मधली पट्टी गरिबातला गरीब स्पीकरही सांभाळतो. "आमी रोज लावतो ह्ये," बाबा म्हणाले. "शेळ्या-मेंढरं कोंडली की लावायचंच."

सुरुवात मी कधी ऐकलेलीच नव्हती. आधी माझाच आवाज आला, खेकसणारा. "बाबा, हात खाली. ह्ये हलवायचं न्हाई." मग पावलं, आणि दार लागल्याचा धप्प आवाज. मी त्या वेळी दोन दारांच्या मधल्या जागेत होतो.

आणि तेवढ्यात, भिंतीपलीकडून यावा तसा, एक बारीक आवाज. "बाबा, त्येचं..." मग खसखस झाली, म्हणजे बाबांनी हेडफोन कानावरून सरकवला, आणि आवाज एकदम मोकळा झाला.

"...मनावर घिऊ नगा. तुमी तुमचा हात कानावरच ठिवा. तुमाला जसं गावतंय तसंच म्हना. त्यो येऊन बोलला की निस्ती मान हलवा. पर त्येला सांगू नगा हां मी सांगितलं म्हनून. एकटा जीव हाय वो, म्हनून चिडतोय. माज्याबिगर कोन हाय त्येला?"

पुन्हा दार वाजलं, मी खुर्चीत आलो असणार, आणि ती गप्प झाली.

तिचा आवाज असा होता. किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. मी विसरलो होतो आणि आता तो समोर, फुटक्या स्पीकरमधून. मी जवळ असताना जे बोलत नव्हती ते ती तेवढ्या मधल्या वेळात बोलून घ्यायची. बाबा विसराळू नव्हते. हेडफोन गळ्यात आला तो तिच्या सांगण्यावरून, तिचा आवाज माईकमध्ये सांडला तो त्यामुळं, आणि म्हणूनच तो आज होता. बाबांनी माझं ऐकलं असतं तर काहीच उरलं नसतं. मी गुडघ्यांत तोंड घालून बसलो. बाबा पुढं ओवी म्हणत होते, मेंढरांची, दुष्काळाची, हरवलेल्या कोकराची, आणि प्रत्येक ओळीला खालून ती "हंऽ" म्हणत होती.

ओवी संपली. शांतता झाली, आणि शेवटी पुन्हा ती. "लय झ्याक झालं, बाबा. या आता भाईर. च्या ठिवलाय."

सून उठली आणि चुलीकडं गेली. तिला कुणी काही सांगितलं नाही. त्या घरात रोज आक्काच चहाचं सांगते आणि रोज चहा होतो, असं बाबा म्हणाले. त्या पोरीला मराठी फार येत नव्हतं, पण तेवढं वाक्य तिला येत होतं.

मी कार्डातलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. चहा आला, मी प्यालो. बाबा मात्र अस्वस्थ दिसत होते. कार्ड परत देताना त्यांनी माझं मनगट धरून मला जवळ ओढलं.

"भाऊ, एक इनंती हाय."

"बोला की, बाबा."

"तुमी ह्ये ऐकलं म्हनून बाईस्नी कळू दिऊ नगा. त्येंनी मला बजावलं हुतं, भावाला सांगू नगा म्हनून. मी एवढी वरसं सबूद पाळला. आज तुमी दारात आला आन् माज्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. त्या माज्यावर रुसतील."

चुलीवर दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"न्हाई सांगत, बाबा," मी म्हणालो.